मोतीलाल दुभाष्याची वही

मोतीलालला एकच व्यसन होतं, आणि ते पानाचंही नव्हतं, तंबाखूचंही नव्हतं. माणसं काय बोलतात ते तो वहीत टिपून ठेवायचा. कोर्टातल्या दुभाष्याचा धंदाच तो, त्यात नवल कसलं, असं तुम्ही म्हणाल. पण ह्याच्या वहीत जमिनीचे वाद नव्हते की चोऱ्यामाऱ्या नव्हत्या. तिच्यात फक्त माणसाच्या आतल्या गोष्टी होत्या. पानाच्या डाव्या अंगाला खेड्यातला माणूस कठड्यात उभा राहून जे बोलला ते, त्याच्या तोंडचं. उजव्या अंगाला कोर्टाला चालेल असा एक शब्द, त्याखाली त्याचं इंग्रजी. पोटात कालवलं, म्हणजे दुःख. डोकं भणाणलं, म्हणजे राग. हातपाय गळाले, म्हणजे भीती. चारचौघांत तोंड काढायची सोय उरली नाही, म्हणजे लाज. बारा वर्षांत वही चांगली जाडजूड झाली होती.

मूळचा तो धरणगावचा. घरात बोलणं अहिराणी, शाळेत मराठी, आणि मॅट्रिकपर्यंत रेटलेलं इंग्रजी. तेवढ्यावर जिल्ह्याच्या कोर्टात दुभाष्याची जागा मिळाली. खेड्यातला माणूस बोलायचा, मोतीलाल ते इंग्रजीत साहेबांच्या कानी घालायचा, साहेब लिहून घ्यायचे. साहेब कधी गुजरातेतले यायचे, कधी कर्नाटकातले. ५१ साली होते ते धारवाडकडचे. भला माणूस, पण उतावळा. एखादी म्हातारी छाती पिटून पाच मिनिटं सांगायची, की साहेब पेन उचलून म्हणायचे, "ते राहू दे. एका शब्दात सांगा, हिला काय वाटलं?"

आणि मोतीलाल सांगायचा. टप्पदिशी. त्याचा त्याला काय तो अभिमान! वकील लोक चहा पाजून विचारायचे, "मोतीलाल, हे कसं घालाल?" मग स्वारी वही उघडून मास्तरासारखी अर्थ सांगत बसायची. जगात माणसाला वाटून वाटून वाटणार काय, चाळीस-पन्नास गोष्टी, त्या सगळ्या माझ्या वहीत आहेत, असं तो बायकोला, प्रमिलाबाईंना, जेवताना ऐकवायचा. त्या भाकरी वाढत म्हणायच्या, "मग माझ्या कपाळात काय दुखतंय ते बघा त्यात."

वहीतला त्याचा सगळ्यात लाडका शब्द राग. रागाच्या भरात. बांधावरून भांडण झालं, तिथल्या तिथं कुऱ्हाड उचलली गेली, माणूस मेला. मारणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा काय होतं ते त्याचं त्यालाही धड सांगता यायचं नाही. मोतीलाल ते 'रागाच्या भरात' असं घालायचा, आणि शिक्षा उतरायची. फाशीची जन्मठेप व्हायची, जन्मठेपेची सात वर्षं. दोनतीनदा त्याने हे डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच्या मनात पक्कं बसलं, की हा एक शब्द म्हणजे आपल्या हातून होणारा धर्म आहे. कोणाला सांगत नव्हता, पण तसं धरून चालला होता. लबाड नव्हता हो तो. लबाड असता तर ही गोष्ट एवढी लांबली नसती.

त्या साली ताईबाईची केस उभी राहिली.

ताईबाई धरणगावच्या बाजूच्या एका खेड्यातली. नवरा चिंधा, मुलगी सुगंधा, घरात दीर हिलाल, आणि कापसाचा एक तुकडा. आदल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला चिंधा वेचणीच्या मजुरांना हाका मारायला निघाला आणि वाटेत त्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं. सरकारी दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायला जा, म्हणून ताईबाई त्याच्या मागे लागली. तो म्हणाला, पोटात सुया कोण टोचून घेतो? गेला एका जाणत्याकडे, मंत्रलेला गूळ खाऊन आला. त्या दिवशी ताईबाईने भर अंगणात त्याला असं काही झापलं, की गल्ली गोळा झाली. 'मरशील आणि आम्हाला मारशील,' असंही बोलली. बायका बोलतात. बोलू नये तर काय करावं?

दीड महिन्याने व्हायचं ते झालं. पाणी पाहिलं की चिंधाचा गळा आवळायचा. माणसाला चावायला धावला, तसं गावाने त्याला शेतातल्या झोपडीत खाटेला दोरांनी बांधलं आणि सगळे लांब झाले. सख्खा भाऊ बांधापलीकडे उभा राहायचा. आत एकटी ताईबाई. तोंडाला फेस, दोरांनी सोललेले हात, आणि मधूनच शुद्ध आली की चिंधा तिला म्हणायचा, "माले मोकळं कर वं." दोर सोड म्हणत नव्हता तो, तिला कळत होतं. तिने एक दिवस ऐकलं, दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः शिवलेली गोधडी त्याच्या तोंडावर ठेवली आणि वर अंग टाकलं. मग बाहेर येऊन पोलीस पाटलाला आपल्या तोंडाने सांगितलं, की मी त्याला मोकळं केलं.

आता लपवलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण लपवायचं असतं ते पाप, असा तिचा हिशेब. ह्यात लपवण्यासारखं तिला काही दिसलंच नाही. हिलालने मात्र जबानीत सांगितलं, की वहिनी दीड महिना धुमसत होती, मरशील म्हणाली होती. खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं.

कोर्टात ताईबाई उभी राहिली. सरकारने तिला दिलेला वकील पुण्याकडचा, पोरगेलासा, त्याला अहिराणी ओ की ठो कळत नव्हती. साहेबांनी विचारलं, "नवऱ्याच्या तोंडावर गोधडी का दाबलीस?" मोतीलालने ते तिला तिच्या भाषेत विचारलं. इतक्या दिवसांनी आपलं बोलणं कानावर पडलं म्हणून बाई जरा सैल झाली. सगळ्या कोर्टाकडे पाठ करून एकट्या मोतीलालला सांगितल्यासारखी बोलली.

"माले त्यानी माया उनी, भाऊ. म्हनीसन करं." त्याची माया आली, म्हणून केलं.

आणि लगेच पुढे म्हणाली, "हाई सरकारी कागदवर लिखी ठेवा. मनी पोर शाळामा जास. एक दिन वाची ती."

बघा, तिला तुरुंगाची भीती नव्हती. अकरा वर्षांची सुगंधा आता हिलालच्या घरी वाढणार, तिथे तिच्या कानात रोज काय ओतलं जाईल, हे ताईबाईला ठाऊक होतं. तिला एवढंच हवं होतं, की कुठंतरी, कोणाला पुसता येणार नाही अशा जागी, आई काय म्हणाली ते लिहिलेलं असावं.

साहेबांनी पेन उचललं. "काय म्हणते?"

मोतीलाल अडला. बारा वर्षांत पहिल्यांदा अडला. वहीत माया होती की. डावीकडे माया, उजवीकडे प्रेम, खाली इंग्रजी. पण हे त्या साहेबापुढे कसं ठेवायचं? नवऱ्याच्या तोंडावर गोधडी दाबली, कारण प्रेम वाटलं? सरकारी वकील खो खो हसेल, साहेब म्हणतील ही बाई निर्लज्ज आहे, आणि चढवतील फासावर. हे सगळं चहाचा घोट घ्यावा इतक्या वेळात त्याच्या डोक्यातून गेलं. थोडं थांबून त्याने सगळंच सांगितलं असतं, तो दोर, तो फेस, ती मागणी, तर साहेबांनी ऐकलंही असतं कदाचित. पण सवय वाईट. साहेबांना एक शब्द हवा होता आणि मोतीलालपाशी एक शब्द तयार होता, माणसं वाचवणारा.

"साहेब, ती म्हणते, रागाच्या भरात झालं."

साहेबांनी लिहून घेतलं. कागदाबद्दलचं तिचं बोलणं मोतीलालने सांगितलंच नाही. ते कुठे बसणार होतं?

शहाणपणा अंगावर कसा येतो पाहा. कुऱ्हाडीचा राग तिथल्या तिथला असतो. ताईबाईचा राग, हिलालच्या जबानीप्रमाणे, दीड महिन्यापूर्वीचा. निकालात साहेबांनी लिहिलं, की बाईने स्वतःच राग कबूल केला आहे, तो तिने दीड महिना मनात जपला आणि बांधलेल्या असहाय माणसावर काढला. ही भरात घडलेली गोष्ट नव्हे. जन्मठेप.

आणि हे सगळं तिला अहिराणीत सांगायचं कोणी? मोतीलालनेच. त्याने मान खाली घालून सांगितलं. ताईबाई ऐकत राहिली. जन्मठेप ऐकून तिचं काही हललं नाही. राग ऐकल्यावर मात्र तिने डोळे बारीक केले, राग तिने कधी सांगितलाच नव्हता.

"मी राग कव्हय सांगा, भाऊ? तुम्ही तं आयकं ना?"

साहेबांनी वर पाहिलं. "काय म्हणते ती?"

इथे अजून वेळ होती. निकालाची शाईसुद्धा वाळली नव्हती. 'साहेब, चूक माझी झाली, ती राग म्हणालीच नव्हती,' एवढं बोलायचं होतं. पण मग नोकरीचं काय? बारा वर्षांतल्या बाकीच्या जबान्यांचं काय? कोणीही उठून म्हणेल, आमचीही तपासा. मोतीलाल साहेबांकडे वळला.

"काही नाही साहेब. रडतेय."

ती रडत नव्हती. साहेबांना समोर दिसत होतं, पण त्यांनी पुढचा कागद ओढला. मोतीलाल ताईबाईकडे वळला आणि म्हणाला, "मी बठ्ठं सांगं, बाई. सायबनी आयकं नही."

ह्याने सगळं सांगितलं, साहेबांनीच ऐकलं नाही, ह्यावर तिचा विश्वास बसला. का बसू नये? त्या अख्ख्या इमारतीत तिच्याशी तिच्या भाषेत बोललेला हा एकच माणूस होता. तिने दोन्ही हात जोडले.

"देव तुमनं भलं करो, भाऊ."

त्या दिवशी मोतीलाल घरी जाऊन जेवला नाही. प्रमिलाबाईंनी विचारलं, काय होतंय? त्याला सांगता येईना. वही उशाशीच होती.

नोकरी त्याने सोडली नाही. सोडून खाणार काय? आणखी आठ वर्षं त्याने त्याच जागी उभं राहून दुसऱ्यांची मनं साहेबांना सांगितली. फक्त वहीत पुढे काही लिहिलं नाही, आणि चहा पाजून अर्थ विचारणाऱ्या वकिलांना तो 'मला काम आहे' म्हणायला लागला. लोक म्हणाले, मोतीलाल म्हातारा झाला.

५९ साली पावसाळा सरता सरता एक तरुण मुलगी कोर्टाच्या ओट्यावर त्याला शोधत आली. अंगावर जाडंभरडं पातळ, हातात घडी घातलेला कागद. म्हणाली, "मी सुगंधा. चिंधा आणि ताईबाईंची. मास्तरणीच्या नोकरीला लागलेय."

"नाना, ही आईच्या जबानीची नक्कल आहे. इंग्रजीत आहे. ती काय म्हणाली ते मला वाचून दाखवाल?"

त्याने चष्मा लावला. कागद त्याच्या ओळखीचा होता, ती ओळही. त्याने बोट त्या ओळीवर ठेवलं. मग त्याला वाटलं, चला, देवाने दार उघडलं. ताईबाईने मागितलं ते आठ वर्षांनी का होईना, पोरीपर्यंत पोचवू. त्याने घसा साफ केला आणि कागदाकडे बघत वाचल्यासारखं म्हणाला, "ती म्हणते, मला त्याची माया आली. म्हणून केलं. आणि म्हणते, हे लिहून ठेवा, माझी मुलगी शाळेत जाते, एक दिवस वाचेल."

सुगंधाने हळूच त्याच्या बोटाखालून कागद काढून घेतला.

"इथे राग लिहिलंय, नाना. काकांनी मी तेरा वर्षांची असताना एका वकिलाकडून वाचून घेतलं आणि मला ऐकवलं. पुढे आमच्या हेडमास्तरांनीही तेच वाचलं. दोघांनी वाचलं, दोघांनाही राग दिसला." तिचा आवाज चढला नव्हता. "आई तुरुंगातून निरोप पाठवायची, एकदा भेटून जा, दुभाष्या भाऊंना विचार, त्यांनी ऐकलंय. मला वाटायचं, बाई स्वतःच्या तोंडाने कबूल करून आता शब्द फिरवतेय. तुम्ही खोटं कधी बोललात? तेव्हा कोर्टात, की आत्ता माझ्यापुढे?"

मोतीलाल म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीने बोललेला माणूस. आता स्वतःच्या वतीने म्हणाला, "तेव्हा."

तिने मान हलवली. कागदाची पहिल्यासारखी घडी घातली.

"ती उन्हाळ्यात गेली, नाना. तुरुंगातच. आठ वर्षांत मी तिला एकदाही भेटायला गेले नाही."

मोतीलाल उठू लागला, हात जोडू लागला. तेवढ्यात आतून पट्टेवाल्याने त्याच्या नावाचा पुकारा केला, साहेब कामाला बसले होते आणि कठड्यात कोणीतरी अहिराणी बोलणारा उभा होता. सुगंधा म्हणाली, "जा, तुम्हाला बोलावतायत," आणि ओटा उतरून निघून गेली.