सांबाराच्या तीन जुड्या

मेंदूचा झटका येऊन गेल्यावर माझा उजवा हात दोन महिन्यांत ताळ्यावर आला. डोकं मात्र अजून रजेवर आहे. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. तीस वर्षांपूर्वी कोराडीच्या वीजकेंद्रात माझा डबा कोणी पळवला होता, ते भाजीसकट आठवतं. चष्मा फ्रीजमध्ये सापडतो. टीव्हीचा रिमोट रोखून मी एकदा पंखा बंद करत बसलो होतो.

हे सगळं चाललं असतं. सहन झालं नाही ते बायकोचं गोड बोलणं.

डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, यांच्या चुका काढू नका, रागावू तर अजिबात नका. झालं! चाळीस वर्षं जिच्या तोंडाचा पट्टा थांबला नाही, ती बाई एकदम पाकात मुरल्यासारखी झाली. मी चहात मीठ टाकलं तरी "होते जी असं." पायजमा उलटा घातला तरी "चांगला दिसते." मला धडकीच भरली. इतकं गोड आपल्याकडे फक्त जाणाऱ्या माणसाशी बोलतात. ही पुन्हा एकदा कडाडली, की आपण बरे झालो असं समजायचं, हे मी मनाशी ठरवून टाकलं. मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकून पाहिला. तिने तो हसत उचलून वाळत घातला.

थंडीतल्या एका सकाळी तिने मला पहिल्यांदाच एकट्याला बाहेर पाठवलं. कोपऱ्यावरून सांबार आणायचा होता, म्हणजे कोथिंबीर. वड्या करायच्या होत्या. मी जुडी घेऊन आलो. ती किंचित थबकली, मग म्हणाली, "वा, ताजा हाये."

मोहीम फत्ते झाल्याच्या आनंदात मी मळका सदरा धुवायला टाकायला गेलो. मशीनचं झाकण उघडलं, तर आत सांबाराच्या दोन जुड्या!

"काहून वं," मी ओरडलो, "आता सांबार मशीनमधी धुते का तू? झटका मले आला का तुले?"

तिच्या हातातली परात ओट्यावर आदळली.

"मी आणल्या का त्या? तुम्हीच आणल्या! सकाळपासून तीनदा जाऊन आले! मन दुखू नये म्हणून मी लपवून राहिली, अन् मलेच येडी म्हणता? फ्रीजमधी ठेवल्या असत्या, पण तिथं तुम्ही चष्मा शोधता! लगन हाये का घरी, तीन-तीन जुड्या आणाले? जन्मात कधी एक काम धड केलं तुम्ही?"

शेजारच्या घरातला कुकरसुद्धा शिटी द्यायचा थांबला असावा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी ऐकत होतो!

ते पाणी पाहून तिने तोंडावर हात ठेवला. तिचा चेहरा पांढरा पडला. "अजी, मी बोलली. डॉक्टर रागावू नका म्हणे. आता तुमाले पुन्हा काही झालं तं?"

इतके दिवस ती गोड नव्हती, घाबरलेली होती, हे माझ्या रजेवरच्या डोक्यात तेव्हा शिरलं.

मी तिन्ही जुड्या घेऊन निवडायला बसलो. उजव्या हाताने, सावकाश.

"बोलता बोलता मधात नको थांबू वं," मी म्हणालो. "टॉवेलचं राहिलं."

तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि टॉवेलपासून सुरू झाली.