बायकोला ज्ञानकोशात बसवताना

माझी बायको वारली एकदाच, पण इंटरनेटवरून तिला तीनदा काढून टाकण्यात आलं.

आधीच सांगून ठेवतो, मी चौथी शिकलेला माणूस. लातूरला तेलगिरणीत पोती उचलली, गिरणी बंद पडल्यावर बायकोच्या खानावळीत भाज्या चिरल्या (बारीक चिरल्या, ती कधी कबूल झाली नाही, ती गोष्ट वेगळी). खानावळ सुभद्राची. भूकंप झाला त्या साली बाहेरगावचे मदतवाले लातुरात उतरले, त्यांना खाऊ घालायला तिनं दारात मोठी चूल मांडली. मदतवाले गेले तोवर क्लासवाले आले. उमरी, हिमायतनगर, कुठून कुठून पोरं यायची, डॉक्टर व्हायला. भूकंपवाल्याला अन् क्लासवाल्याला भूक सारखीच लागते, म्हणून चूल काही विझली नाही.

सुभद्रा गेली आणि मी घरात मोकळा बसलो. मोकळा माणूस लई वाईट. भांड्यांचा आवाज बंद झालेल्या घरात माणूस आधी भिंतीशी बोलतो, मग टीव्हीशी, आणि मग सुनेच्या मोबाइलमध्ये डोकावतो. आमची सून ज्योती शाळेत बाई आहे. तिनं एकदा मोबाइलवर तो ज्ञानकोश उघडला. फुकटचा, कोणीही वाचावा आणि कोणीही लिहावा असा. त्यात लातूरच्या एका मोठ्या क्लासवाल्या सरांचं चरित्र होतं. ज्योतीनं वाचून दाखवलं की सरांनी सुरुवातीचे दिवस अर्धपोटी काढले.

मी ताडकन उठलो. अर्धपोटी? आमच्या खानावळीत भाकर चुरून तीनदा आमटी मागून घ्यायचा, ते अर्धं पोट? मग पुरतं पोट भरलं असतं तर आम्ही काय खाल्लं असतं?

"हिचं पान कुठाय?" मी विचारलं.

"आत्याबाईंचं पान नाही मामा."

"मग लिही."

एवढ्या दोन शब्दांवर पुढचं सगळं रामायण झालं. माझा इरादा साधा होता. वर्षसराद जवळ येत होतं. तोवर सुभद्राचं नाव टाकलं की जगात कुठंही तिचं चरित्र निघालं पाहिजे, जसं त्या सरांचं निघतं. बास. जास्त काही मागत नव्हतो.

लिहायचं काय, हा प्रश्न मी चुटकीसरशी सोडवला. सुभद्रा गेली तेव्हा गावातल्या पेपरात तिच्यावर छान मजकूर आला होता. 'अन्नपूर्णा हरपली' आणि त्याखाली भरभक्कम रकाना. ज्योतीनं तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या टिंबापर्यंत जसाच्या तसा उतरवला. वर हॉलमधल्या फोटोचा फोटो काढून लावला. सकाळी पान झालं. मी गल्लीत सगळ्यांना खबर दिली. दुपारी चहाला पान उघडून दाखवायला गेलो तर पान गायब!

तिथं एक प्रचालक असतो, म्हणजे पानांचा मुकादम. खरं नाव सांगत नाही, टोपणनावानं वावरतो. त्यानं लिहून ठेवलं होतं की मजकूर दुसरीकडून उचललेला आहे, त्यावर पेपरचा हक्क आहे, असा उतारा चालत नाही. म्हणजे बघा. बायको माझी. गेली माझ्या घरातून. पेपरवाल्याला सगळी माहिती मी बसून सांगितली, वर चहा पाजला. आणि हक्क त्याचा! मी पेपरच्या कचेरीत गेलो. तिथला माणूस म्हणाला, माहिती तुमची असंल काका, पण वाक्यं आमची. मी म्हणालो, मग माझी माहिती काढून घे आणि तुझी नुसती वाक्यं ठेव, बघू काय उरतं. त्यानं मला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

फोटोची तऱ्हा त्याहून भारी. प्रचालकानं विचारलं होतं, हे छायाचित्र कोणी काढलं, त्याची परवानगी आहे का. मी गेलो फोटोवाल्याकडं. आमच्याकडं माणूस गेलं की फोटोवाला जुन्या फोटोतलं तोंड काढतो आणि पैठणी-दागिन्यांवर बसवून देतो. भिंतीवर शोभून दिसतं. मी त्याला म्हणालो, या फोटोवर तुझा हक्क असंल तर सोड आणि तसं लिहून दे. तो कानाची पाळी खाजवत म्हणाला, "काका, तोंडापुरतं लिहून देतो."

"तोंडापुरतं म्हंजे?"

"मावशीचा फोटो होता खांद्यापर्यंतचा. खालचं अंग कॉम्प्युटरमधलं हाय."

"मग ते कोणाचं हाय?"

"काय म्हाईत. दुकान घेतलं तवापासून त्यात हाय. आपल्या गल्लीतल्या समद्या आज्यांना तेच लावून राहिलो."

मी तडक शेजारच्या घरात गेलो, पुढच्या घरात गेलो. खरंच! तीच पैठणी, तोच चपलाहार, मांडीवर तेच घडी घातलेले हात. आमच्या गल्लीत सगळ्या म्हाताऱ्या एकाच अंगानं स्वर्गात गेल्या होत्या. आणि इतके महिने मी रोज सकाळी आंघोळ करून अर्ध्या परक्या बाईला नमस्कार करत होतो.

हे झालं पहिल्यांदा काढलं त्याचं. मी हटलो नाही. ज्योतीला म्हणालो, आता कोणाचं उचलायचं नाही, मी सांगतो आणि तू लिही. मी पलंगावर बसून सांगायला लागलो. सुभद्राबाईंसारखी भाकर मराठवाड्यात कोणाला जमली नाही. सुभद्राबाई स्वभावानं कडक, पण मनानं लोणी. सुभद्राबाईंच्या हातचं खाऊन निम्मा जिल्हा डॉक्टर झाला. ज्योती मध्येच थांबून, मामा, हे जरा जास्त होतंय, असं दोनदा म्हणाली. मी म्हणालो, तू जेवलीस ना तिच्या हातचं? मग लिही.

संध्याकाळपर्यंत प्रत्येक वाक्यामागं कंसात 'संदर्भ हवा' असं चिकटलं होतं. भाकरीला संदर्भ हवा. लोण्याला संदर्भ हवा. मी माझ्या नावानं खातं काढायला लावलं आणि लिहवून घेतलं की संदर्भ माझं पोट आहे, कधीही येऊन बघा.

तेवढ्यात माझा मेव्हणा त्यात उतरला. दिगंबरराव, धर्माबादला मिरचीची अडत आहे, बोलणंही त्याच मालाचं. त्यानं पानात भर घातली की सुभद्राबाईंचं स्वयंपाकाचं सगळं शिक्षण माहेरी झालं आणि लग्नाआधी सासरच्या लोकांना आमटी ठाऊक नव्हती. मी ते वाक्य काढलं. त्यानं पुन्हा घातलं. मी काढलं आणि वर लिहिलं की माहेरची आमटी म्हणजे मिरचीचं गरम पाणी. त्यानं फोन केला.

"दाजी, अक्काबद्दल खरं ते लिवलं. खोडता कशापायी?"

"माझ्या बायकोचं पान हाय."

"तुमची बायको नंतर झाली. माझी भैन आधीपासून हाय."

मी फोन ठेवला आणि ते वाक्य पुन्हा खोडलं.

मग प्रचालकानं दोघांनाही एकच सवाल केला. या व्यक्तीशी तुमचा काही जवळचा संबंध आहे का? मेव्हण्यानं लिहिलं, सख्खा भाऊ. मी लिहवलं, लग्नाचा नवरा. त्याला कमी पडू नये म्हणून लग्नाला कोण कोण आलं होतं तेही सांगितलं. मला वाटलं आता हा माणूस हात जोडून म्हणणार, माफ करा, आम्हाला कल्पना नव्हती, लिहा बिनधास्त. उलट त्यानं फार अदबीनं लिहिलं की जवळच्या नातलगांचा हितसंबंध असतो, म्हणून त्यांनी चरित्र लिहू नये. ज्यांचा काही संबंध नाही अशा त्रयस्थांनी लिहावं. आणि दोघांचंही लिहिलेलं काढून टाकलं. दुसऱ्यांदा.

मी पेटलो. ज्योतीला बसवून उत्तर धाडलं: "यात माझं कसलं हित? बाई गेली. आता मला एक भाकर जास्तीची कोण वाढणार हाय?"

त्याचं उत्तर आलं, "आपल्या दुःखात सहभागी आहोत. कृपया संदर्भ द्यावेत."

त्रयस्थ माणूस शोधायला निघालो तेव्हा कळलं की हा माल आपल्याकडं पिकतच नाही. वाणी म्हणाला, माझी आई तुमच्या सासुरवाडीची. पोस्टमन म्हणाला, मी भाऊबीजेला ताईकडं यायचो. रिक्षावाला एक अनोळखी सापडला, तर पाच मिनिटांत त्यानं उमरीकडचा पाव्हणा काढला आणि मला मामा म्हणून फुकटात घरी सोडलं. मराठवाड्यात ज्याला आपली माहिती आहे तो नातलग, आणि जो नातलग नाही त्याला माहिती नाही. मग चरित्र लिहायचं कोणी?

तेव्हा माझ्या डोक्यात ती हिकमत आली. खानावळीत जेवलेली पोरं! रक्ताचं नातं नाही, सोयरीक नाही, आणि सगळी शिकलेली. आता कोणी सर्जन आहे, कोणी भूल देतो, कोणी पुण्यात इंजिनिअर. वर्षसरादाला सगळ्यांना बोलवायचं आणि तिथंच लिहून घ्यायचं.

ज्योती घाबरली. "मामा, जेवायला बोलावून लिहून घेणं बरं दिसत नाही."

"मग काय उपाशी लिहायला लावू?"

पोरं आली. गाड्यांची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत. पुरणाच्या पोळ्या, गुळवणी, भज्यांची आमटी, खीर. हिमायतनगरचा बालाजी, आता मोठा हाडांचा डॉक्टर, दारात बूट काढताना लहान पोरासारखा रडला. पंगत उठली आणि मी सगळ्यांना हॉलमध्ये सतरंजीवर बसवलं. गल्लीत मोबाइलला धड रेंज नसते, म्हणून ज्योतीनं आमच्या घरच्या वायफायचा आकडा खानावळीच्या जुन्या फळ्यावर लिहून टाकला. आणि काय सांगू, परीक्षेला बसल्यासारखी माना खाली घालून ती मोठमोठी माणसं लिहायला लागली!

ज्योती एकेकाचं वाचून दाखवत होती. कोणी लिहिलं, मावशी ताप आलेल्याच्या खोलीवर भाताची पेज घेऊन जायची. बालाजीनं लिहिलं की निकालाच्या दिवशी मावशी नापास झालेल्याला पहिलं वाढायची. म्हणायची, पास झालेला आनंदानंच भरलाय, त्याला घाई नाही. मी तिच्याच खानावळीत भाजी चिरत होतो आणि यातलं निम्मं मला ठाऊक नव्हतं. मी उगाच आत जाऊन पाण्याचा हंडा हलवून आलो.

मेव्हणाही आला होता. तो हळूच जवळ सरकून म्हणाला, "दाजी, आमटीचं ऱ्हाऊ द्या. हे चांगलं हाय."

असं आमचं पान तयार झालं. भरगच्च, देखणं, सगळं त्रयस्थांनी लिहिलेलं. मी मिशीवर हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी प्रचालकाचा संशय दाखल. एकाच दिवशी, एकाच घरच्या इंटरनेटवरून, अनेक नवीन नावांनी एकाच बाईवर लिहिलं गेलंय. तरी हे सगळे लोक म्हणजे एकच माणूस असावा. आणि तो माणूस कोण, हे ओळखायला त्याला वेळ लागला नाही. मी! चौथी शिकलेला मी एकटाच सर्जन, मीच भूलतज्ज्ञ आणि मीच पुण्याचा इंजिनिअर. इतकी इज्जत मला उभ्या जन्मात कोणी दिली नव्हती.

बालाजीनं लगोलग लिहिलं की आम्ही वेगवेगळी माणसं आहोत, फक्त एका ठिकाणी जमलो होतो. प्रचालकानं पुढचा सवाल टाकला: या लिखाणाच्या बदल्यात तुम्हाला काही मिळालं का?

इथं गोम अशी की सुभद्राच्या पंगतीत एक कायदा होता. काय खाल्लं ते खरं सांगायचं. पोटाशी खोटं बोललेलं तिला खपायचं नाही. त्या कायद्यात वाढलेली पोरं ती! बालाजीनं प्रामाणिकपणे लिहिलं, "हो. पुरणपोळ्या, गुळवणी, खीर, आणि घरी न्यायला डबा." भूलवाल्यानं लिहिलं, मलाही तेच, शिवाय लोणचं. पुण्याच्या इंजिनिअरनं तक्रार नोंदवली की त्याच्यापर्यंत भजी पोचलीच नाहीत. त्यावर भूलवाला म्हणाला, तू उशिरा बसलास. मग आमटी त्या काळी जास्त झणझणीत होती की कालची, यावर ज्ञानकोशात वाद पेटला, आणि त्यात धर्माबादहून मेव्हणा घुसला.

मी मधे पडलो नसतो तर कदाचित निभावलं असतं. पण मी पडलो. ज्योतीकडून प्रचालकाला लिहवलं की बाबा, तू पण ये, तुझं पान वाढतो, आमटी खा आणि मग ठरव. माझ्या मनात पाहुणचार होता. त्यानं त्याला आमिष म्हटलं. तिसऱ्यांदा पान गेलं ते गेलं, आणि माझ्या खात्यालाही कुलूप बसलं.

ज्योतीनं एक चांगली गोष्ट सांगितली. पान गेलं तरी ती भांडाभांडी तिथं कायम राहते म्हणे, कोणी पुसत नाही. ताप आलेल्याची पेज, नापास पोराचं पहिलं वाढणं, सगळं वादात का होईना, त्यात आहे. सुभद्राचं नाव टाकलं की तेच निघतं. मी रोज तिच्याकडून एकदा वाचून घेतो.

माझं नाव टाकलं तर मात्र लाल चौकट निघते. आत एकच वाक्य आहे, 'या सदस्याला वारंवार समजावूनही ते कोणाचंच ऐकत नाहीत.' पुढं संदर्भ म्हणून माझीच सगळी पत्रं जोडली आहेत. सुभद्रा लग्न झाल्यापासून हेच सांगत होती, पण ती पडली जवळची, तिचं कोण धरतं! आता मात्र ज्याचा माझ्याशी काडीचा संबंध नाही अशा त्रयस्थ माणसानं संदर्भासकट लिहिलंय. म्हणजे खरंच असणार.