कुत्र्यांचा रविवार
ओल्या कुत्र्याचा वास आला की मला उत्तर जर्मनीतल्या त्या खेड्यातला पोहण्याचा तलाव आठवतो. नवरा पवनचक्क्यांच्या कंपनीत होता. गावात ना दुकान ना दवाखाना, बस दिवसातून दोनदा. माणसं भेटायची ती त्या उघड्या तलावावरच. गावचं फेराईन, म्हणजे आपलं मंडळ, तो चालवायचं. शेजारच्या सत्तरीतल्या बाई तिथे मला तरंगायला शिकवत होत्या. पाठीखाली तळवा धरून म्हणायच्या, "हं, मान सैल सोड. मी आहे ना." सप्टेंबरातल्या एका रविवारी गेले, तर पाण्यात कुत्रीच कुत्री. हंगाम संपला की पाणी सोडून देण्याआधी एक दिवस कुत्र्यांचा, अशी तिकडची रीत. मला मोठी गंमत वाटली. काठावर लोक भाजलेली सॉसेजेस खात उभे होते, पण हसत कोणीच नव्हतं. शेगडीपाशी बाई होत्या. त्यांना म्हटलं, "पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या हाताशिवाय तरंगून दाखवते." त्यांनी वर पाहिलंच नाही. "पुढच्या उन्हाळ्यात इथे माती भरलेली असेल," त्या म्हणाल्या. "सांभाळायला माणसं उरली नाहीत. मार्चच्या सभेतच ठरलं. तुला कोणी सांगितलं नाही?" आणि पुढचं सॉसेज उलटलं, त्या दिवशी शेगडीवर त्यांची पाळी होती. आता पुण्यात आमच्या सोसायटीत निळाशार तलाव आहे. मी काठाला धरून उभी राहते. मान सैल सोडली की बुडते.