लोहाऱ्याच्या आवारात आमची बारा टनी

लोहाऱ्याच्या भंगाराच्या आवारातून अन्वरभाऊ मिस्त्रींचा फोन आला, आमचा जुना ट्रक सोमवारी कापायला घेणार. शनिवारी मी निघाले.

आमचा तांडा नेरजवळ आहे. तिथून नेरपर्यंत काळीपिवळी जीप आणि पुढे यवतमाळची एसटी. बायकांना अर्धं तिकीट लागतं. खिडकीतून वेचणीला आलेला कापूस दिसत होता. कापसाला कोणी विचारत नव्हतं, त्या वर्षांत आमचे हे मारेगावच्या जिनिंगमधून गाठी भरून न्यायचे. गाडी भरली की फोन करायचे. मी विचारायची, किती गाठी? ते सांगायचे, चव्वेचाळीस. शेवटच्या खेपेलाही तेच सांगितलं. पुढच्या उतारावर ब्रेक लागला नाही आणि ते गेले.

पंचनाम्यात साठ गाठी निघाल्या. वाटेत कोणी आणखी चढवल्या असतील, असं मी मनाला सांगत आले. लोक म्हणाले, अडाणी ड्रायव्हर, गाडीला किती झेपतं ते त्याला काय कळणार. मला ते खोटं ठरवायचं होतं.

गाडीचं इंग्रजी पुस्तक घरी राहिलं होतं. ते मी अक्षर अक्षर लावून वाचलं. या गाडीचे त्यात तीन प्रकार आहेत, भरलेल्या वजनावरून, दहा टनी, बारा टनी आणि सोळा टनी. इंजिनं दोन, नव्वद घोड्यांचं आणि एकशे बाराचं. मोठं इंजिन फक्त सोळा टनीला. आमचं मोठं होतं. म्हणजे गाडी सोळाची असणार आणि साठ गाठी तिला जड नसणार. पक्कं काय ते केबिनमधल्या कंपनीच्या लहान पाटीवरच कळणार होतं.

यवतमाळच्या स्टँडवर पोहे-तर्री मिळते. मागणाऱ्याला तो तिखट रस्सा वरून पुन्हा वाढतात. लोहाऱ्याला शेअर ऑटो जातात. जुने ट्रक पाहायला कोणी जाणार असेल तर सकाळीच जावं. दुपारी पत्रे तापतात आणि सावली कुठे नाही.

फाटकावरचा म्हातारा चौकीदार म्हणाला, "बाई, इथं कायचं देऊळ हाय? घरी नवरा सोडून भंगार पाहाले आल्या."

"नवऱ्याचंच हाय," मी म्हटलं. त्याने फाटक उघडलं.

एवढ्या वर्षांत सुटे भाग विकून विकून गाडीचं नाक, केबिन आणि सांगाडा एवढंच उरलं होतं. केबिनमध्ये चढले. पाटी जागेवर होती, पण आकडे दिसेनात. दर दसऱ्याला तिथे तेल-कुंकू मीच लावायची, गाडीचं कपाळ समजून. थरावर थर बसले होते. अन्वरभाऊंनी डिझेलचं फडकं दिलं. मी घासत राहिले आणि उरलेलं सेफ्टी पिनेने खरवडलं.

बारा हजार.

"इंजिन तं एकशे बाराचं हाय ना, भाऊ?"

"ते तुमी गाडी घ्याच्या पयलेच बदलेल होतं, भाभी. मीच बसवलं. मोठ्या इंजिनानं गाडी वढते जास्त. पण चेसिस तेच, स्प्रिंगचे पाटे तेच, ब्रेक तेच. थांबवाचं काम इंजिन नाही करत."

मी खडू मागितला आणि दारावर मांडलं. बारा टनांतून रिकाम्या गाडीचे साडेचार गेले, उरले साडेसात. एक गाठ एकशे सत्तर किलोची. भागाकार दोनदा केला. चव्वेचाळीस.

मी खडू खाली ठेवला. "आमच्या यायले मालूम होतं?"

"मालूम नसाले काय झालं?" अन्वरभाऊ चाकाच्या कमानीकडे पाहत बोलले. "पाट्याचे पान बोटानं मोजून सांगे, किती टन बसन ते. पण त्या सालात चव्वेचाळिसावर कोणी माल देत नव्हतं. जो साठ भरन त्याची गाडी लागे. तुमाले नाही बोलला काय?"

पाटी काढून देऊ का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

परतीच्या गाडीत उभं राहावं लागलं. घरी मुलीने पाणी दिलं आणि विचारलं, "याडी, भेटला का आकडा?"

"भेटला."

त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांशी मी एवढी वर्षं बोलले नाही. ते तसे असते तर बरं झालं असतं. दर खेपेला मी भरलेल्या गाठी विचारत होते, आणि ते मला गाडीला झेपणाऱ्या सांगत होते.