पाटाच्या फटी

सुपारीच्या बागांना पाणी देणारा आमच्या गावचा जांभ्याचा पाट पुन्हा पहिल्यासारखा करायचं काम चाललं आहे. आज छिन्नीनं सिमेंटचा गिलावा निघाला आणि ओल्या जांभ्याचा वास आला, पंचवीस वर्षांनी.

तो गिलावा मीच करून घेतला होता. नुकताच डिप्लोमा झालेला, डोक्यात नुसती हवा. पाट राखणारे तानूकाका चिऱ्यांमध्ये बोटभर फटी सोडायचे. मी म्हटलं, "काका, पाणी वाया जातंय." फटीतल्या खेकड्याकडे बोट दाखवत ते हसले. "बाय, कुरल्या ऱ्हातात तिथं. त्यांना दार नको काय?"

तरी माझं ऐकून त्यांनी फटी लिंपल्या. रातांब्याखालची एक तेवढी सोडली. तिथून पाणी झिरपताना दिसलं तेव्हा मी चिडले आणि समोर उभी राहून तीही बुजवून घेतली. थापी फिरवण्याआधी काका फटीत काटकी घालून बराच वेळ हलवत बसले. "आटपा आता," मी म्हटलं. ते कुरल्यांना बाहेर काढत होते, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

काका आता नाहीत. ती फट आज मी स्वतः उघडली. आत कुरलीची एक सुकलेली नांगी होती.