नावं पुसलेले तीनशे ट्रान्झिस्टर

मी आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ केला, पण हळद-कुंकू वाहून केलेला एकच. अंबरनाथच्या एका छोट्या कारखान्यात, खंडेनवमीच्या पूजेसाठी म्हणून, मी तीनशे ट्रान्झिस्टर थिनरने घासून आरशासारखे लख्ख केले आणि त्यांच्यावर छापलेली नावं साफ पुसून टाकली. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. दोन वेण्या, नेलपॉलिश लावलेली बोटं, नोकरीला लागून जेमतेम तीन महिने, आणि अक्कल मात्र अख्ख्या अंबरनाथला वाटून उरेल एवढी. त्या संकटात माझ्या शेजारी बसून राहिलेल्या शकूताईंना जाऊन आता महिना होईल. सकाळी दूध तापवत होते, त्यांच्या सुनेचा फोन आला. "मावशी, आई गेल्या... झोपेतच." दूध उतू गेलं. पुसायलाही उठले नाही मी.

आमचा कारखाना म्हणजे एक शेड, दोन लांब टेबलं आणि अकरा बायका. वीज गेली की बॅटरीवर ट्यूब पेटवणारे इमर्जन्सी दिवे आम्ही बनवायचो. त्या दिव्याचा जीव ट्रान्झिस्टरमध्ये. खाली धातूची पट्टी आणि वर पत्र्याची छोटी टोपी घातल्यासारखा दिसायचा, बोराएवढा. शेठ उल्हासनगरचे सिंधी. ते दोन प्रकारचा माल आणायचे. एक नामांकित कंपनीचा, निळ्या खोक्यात, प्रत्येक नग कापसात ठेवल्यासारखा. त्याला आम्ही 'भारी' म्हणायचो. दुसरा बाहेरून आलेला स्वस्त माल, वर्तमानपत्राच्या पुडीत, शेंगदाण्यासारखा. तो 'हलका'. प्रसूतिगृहाची चाळीस दिव्यांची ऑर्डर होती, डॉक्टरीणबाईंनी भारी मालच लागेल असं बजावून सांगितलं होतं. बाजारात जाणाऱ्या दिव्यांना हलका चालायचा.

शकूताई अंबरनाथच्याच बुवापाड्यातल्या. टेस्टिंगच्या टेबलावर त्या एकट्या बसायच्या. माझ्याहून बाराएक वर्षांनी मोठ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि कुठल्याही वस्तूला आधी बोटाची मागची बाजू लावून बघायची सवय. तळव्याला चटका उशिरा कळतो म्हणायच्या. इस्त्री असो, चहाची किटली असो, आजारी पोर असो... आधी बोटाची पाठ.

तर खंडेनवमी. बाकीच्या बायका हत्यारं पुसत होत्या, झेंडूच्या माळा ओवत होत्या. आमच्या बाईसाहेबांना, म्हणजे मला, सुचलं की परातीत ट्रान्झिस्टरचं कमळ काढावं! भारी माल घेतला, शंभरच होता, पाकळ्या अपुऱ्या पडल्या. मग पुडीही सोडली. सगळं एकत्र केलं, तेलकट दिसतंय म्हणून थिनरचा बोळा फिरवला. कमळ असं झळकलं की मीच दोन पावलं मागे जाऊन माझं कौतुक केलं. शेठ पूजेला आले, नारळ फोडला, प्रसाद तोंडात टाकला आणि वाकून एक नग उचलला. उलटा केला. सुलटा केला. दुसरा उचलला.

"नाम किधर गया?"

"पुसलं, शेठ. चमकायला."

शेठचा प्रसाद गिळायचा राहिला. "अरे बाबा! भारी कौन सा, हलका कौन सा? मी काय हॉस्पिटलला कुंकू लावून माल देऊ?" मग बायकांकडे न बघता म्हणाले, "दसऱ्यानंतर येऊ नको तू."

ही नोकरी गेली असती तर काय, असं आज कुणाला वाटेल. वडिलांनी मला एका अटीवर बदलापूरहून अंबरनाथला पाठवलं होतं. एक तक्रार आली की घरी बसायचं. आणि घरी बसायचं म्हणजे कर्जतचं एक स्थळ तयारच होतं. मुलाचं किराणा दुकान होतं आणि मुलगी गल्ल्यावरसुद्धा बसलेली चालणार नव्हती. मी परातीपुढे उभी राहून रडायला लागले. नेलपॉलिशच्या बोटांनी डोळे पुसले, तर थिनरने ते आणखी झोंबले. त्यामुळे मला फारच पश्चात्ताप झालाय असं सगळ्यांना वाटलं.

शकूताई हातातला झेंडू खाली ठेवून म्हणाल्या, "काढा हिला, शेठ. पण आधी हे तीनशे नग तपासायचे कोणी? मला एकटीला दिवाळी उजाडेल. हिनेच पुसलेत, हिलाच बसवा. झाल्यावर घालवा."

शेठ हिशोबी माणूस, फुकटचे दोन हात दिसले. बरं म्हणाले.

दसऱ्यानंतर सहा दिवस मी त्यांच्या शेजारी बसले. दहा दिव्यांत दहा नग लावायचे, ट्यूब पेटवायच्या, तासभर जळू द्यायच्या. मग बोटाची पाठ लावायची. कोमट असेल तर पास, चटका बसला तर बाद. पहिल्या दिवशी मी सगळेच बाद केले, कारण मला सगळेच गरम लागत होते. "सुमे, भाकरी भाजतेस का कधी घरी?" शकूताईंनी विचारलं. मी नाही म्हटलं. "तरीच," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या माझं बोट धरून स्वतः लावायच्या... हा पास, हा बाद, हा आणखी अर्धा तास ठेव. पास झालेल्यावर मी माझ्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. तेवढाच त्या बाटलीचा आयुष्यात सत्कारणी उपयोग. चौथ्या दिवशी मी न विचारता एक नग काढून बाजूला ठेवला. त्यांनी तो तपासला आणि डब्यातली अर्धी चटणी माझ्या पोळीवर वाढली.

सहाव्या दिवशी संध्याकाळी शेठ आले. एकतीस बाद होते. "ये सब हलकेवाले होंगे," ते म्हणाले. शकूताई म्हणाल्या, "नाव नाही त्यांना. कसं सांगू?" मी बारीक आवाजात म्हटलं, "पण राहिलेले चांगले आहेत, शेठ. मी हात लावून सांगते." दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, मला कुणी अडवलं नाही. त्या टेबलावर मी पुढे बावीस वर्षं बसले. लग्नही केलं, पण नोकरी चालेल म्हणणाऱ्याशी.

हल्ली बदलापुरात, कात्रपला आमच्याकडे नातू फोनवर दोन चार्जर दाखवतो. आजी, हा ब्रँडेड आणि हा त्याच्या चौथाई किमतीचा, कोणता घेऊ? मी म्हणते, स्वस्त मागव, तासभर लावून ठेव, मग मला हाक मार. तो हसतो. त्याच्या मते ही म्हातारीची लहर. ही लहर कुणाकडून आली, ते त्याला सांगायला मी एकदा बुवापाड्याला घेऊन जाणार होते. राहून गेलं.

शकूताईंना शेवटचं भेटले ते पावसाळ्याच्या अखेरीला. खाटेवर बसल्या होत्या. शेठही आता नाहीत, म्हणून मी इतक्या वर्षांनी सहज विचारलं, "शकूताई, खरं सांगा, त्या प्रसूतिगृहाच्या दिव्यांत काय गेलं हो? भारी का हलकं?" त्या तोंडाला पदर लावून किती तरी वेळ हसत राहिल्या. मग म्हणाल्या,

"भारीच गेले गं, तपासलेले. डॉक्टरीणबाईंना शब्द दिलेला होता. भारीवाल्याची खालची पट्टी जाड असायची, परातीत बघितलं तेव्हाच मला कळलं. तीनशे वेळा हातात धरलेस, तुला कसं नाही कळलं? तू ठिपका दिलास की मी दोन डब्यांत वेगळे करत होते, तुझ्या डोळ्यांदेखत. बाद झालेल्यांत भारीतलेही सहा होते, बरं का. पण पट्टीचं तेव्हा बोलले असते, तर शेठने पाच मिनिटांत माल निवडला असता आणि तू त्या रात्री कर्जतला. म्हणून गप्प बसले. म्हटलं, रडू दे, पण सहा दिवस बसू दे हिला इथे."