अक्कलदाढ आणि पसंती

काल मुलाच्या दुखऱ्या दाढेला लवंगेचं तेल लावलं. वीस वर्षांपूर्वी हाच वास तोंडात घेऊन मी मंठ्याला मुलगी पाहायला गेलो होतो.

त्याच सकाळी जालन्यात अक्कलदाढ काढली होती. मामा म्हणाले, "मंग काय झालं? तिथं दाढ दाखवायची न्हाई."

भूल उतरली नव्हती. डॉक्टरांनी तासाभराने काढायला सांगितलेला कापूस मी भीतीने तसाच दाबून धरला होता. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "शाळेत काय शिकवता?"

"गयित," मी म्हणालो.

म्हणायचं होतं गणित. सगळे एकमेकांकडे बघू लागले. घाबरून चहाचा घोट घेतला, तो हनुवटीवरून थेट शर्टावर उतरला.

मुलगी माझ्या सुजलेल्या गालाकडे बघत म्हणाली, "अक्कलदाढ काढली का? गरम बिलकुल पिऊ नका. थुंकूही नका, रक्त थांबत न्हाई." तिने गार दूध आणून दिलं. "आता मी विचारते, तुम्ही फक्त मान हलवा. लग्नानंतर मी नोकरी करणार. चालंल?"

मान हलली.

"सकाळचा स्वयंपाक तुम्ही?"

मामा जोरात खोकले, पण तोवर मान हलली होती.

तेव्हा लाजेने जीव नकोसा झाला होता. आज वाटतं, माझ्याशी इतकं सरळ त्याआधी कुणी बोललंच नव्हतं.

परतताना ओठ जागा झाला, ठणका लागला आणि आपण काय कबूल केलंय तेही कळलं. मी मामांना म्हणालो, "मुलगी पसंत आहे."

त्या दिवसातलं माझं ते पहिलं स्पष्ट वाक्य.